पाऊस आला, पण उन्हात गेलेल्यांची मोजणी राहिली

पोस्ट लांब आहे, आधीच सांगतो. चहा घेऊन बसा. आज लिहितोय, कारण यानंतर पुढच्या एप्रिलपर्यंत या विषयावर कोणी बोलणार नाही. मी पण कदाचित नाही.

आर्द्रा लागलं. काल रात्री आमच्याकडे तासभर चांगला झाला. सकाळपासून कृषी केंद्रांपुढे गर्दी आहे, ट्रॅक्टरवाले फोन उचलत नाहीत आणि सगळ्यांच्या स्टेटसला ढगांचे फोटो आहेत. महिन्याभरापूर्वी याच लोकांच्या स्टेटसला मोबाईलवरच्या तापमानाचे स्क्रीनशॉट होते. ४५, ४६, आणि शेजारी हसणारी तोंडं. आता ते कोणाला आठवतही नाही. पेरणी तोंडावर असताना मागचं कोण उकरून काढणार? पण मी बातमीदार आहे, आणि मे महिन्यात माझ्या हातून एक चूक झाली. ती सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही.

२५ मे २०२४ रोजी आपल्या अकोला जिल्ह्यात उन्हामुळे कलम १४४ लागलं, ३१ मेपर्यंत. दंगलीसाठी १४४ लागलेलं आपण सगळ्यांनी पाहिलंय, २०२३ मध्येच पाहिलंय. ऊन आहे म्हणून लागलेलं मी माझ्या पत्रकारितेत पहिल्यांदा पाहिलं. खासगी शिकवण्या सकाळी १० च्या आत किंवा संध्याकाळी ५ नंतर, कामगारांना मालकाने पाणी आणि सावली द्यायची, असं सगळं आदेशात होतं. आदेश चांगला होता, मी त्याची बातमी पण चांगली केली. त्याच दिवसांत कपाशीच्या एका वाणाच्या बियाण्यासाठी जिल्ह्यात दुकानांपुढे भर उन्हात शेतकऱ्यांच्या रांगा लागल्या होत्या. त्याचीही बातमी केली. दोन्ही बातम्या एकमेकींच्या शेजारी छापल्या तर कशा दिसतील, हे मात्र तेव्हा सुचलं नाही.

त्याच आठवड्यात बाजार समितीत हमाली करणारे एक जण गेले. नाव लिहीत नाही. वय साठीच्या आत. दिवसभर कट्टे वाहिले, संध्याकाळी घरी आले, जीव घाबरतोय म्हणाले, जेवले नाहीत. टिनाच्या खोलीत आडवे झाले. बीपीची गोळी चालू होती, ती घेतली. रात्री काहीबाही बडबडायला लागले. घरच्यांना वाटलं ताप डोक्यात गेला, म्हणून तापाची गोळी दिली. पहाटे हालचाल नव्हती. गल्लीतल्या डॉक्टरांना उठवून आणलं, त्यांनी नाडी पाहिली आणि मान हलवली. पोस्टमॉर्टम कोणाला नको होतं, कापाकापी नको म्हणून घरच्यांनी हात जोडले. कागदावर आलं, हृदयक्रिया बंद पडून मृत्यू.

सकाळी पुतण्याने व्हॉट्सअपवर फोटो पाठवला आणि मी चार ओळींची निधनवार्ता केली. ‘हृदयविकाराच्या तीव्र झटक्याने निधन झाले. त्यांच्या पश्चात पत्नी, दोन मुले, सुना, नातवंडे असा मोठा आप्तपरिवार आहे.’ खरं सांगायचं तर हे वाक्य माझ्या मोबाईलमध्ये तयारच असतं. नाव, वय आणि नातेवाईक तेवढे बदलतो.

तेराव्याला गेलो. त्यांच्या पत्नी कोपऱ्यात बसल्या होत्या. मी विचारलं, काकू, आधीपासून हार्टचा त्रास होता का? त्या म्हणाल्या, “नाही ना भाऊ. त्यायले कायचाच त्रास नव्हता. बीपीची एक गोळी, बस. त्या रात्री आंग निस्तं तव्यावानी तापलं होतं. घाम तं नव्हताच. मले वळखू नव्हते राह्यले.”

मी ऐकत होतो आणि मला कानकोंडं झालं. कारण ही लक्षणं मी स्वतः एप्रिलमध्ये छापली होती. आरोग्य विभागाचं पत्रक येतं दरवर्षी: अंग प्रचंड तापणं, घाम थांबणं, गोंधळल्यासारखं बोलणं, शुद्ध हरपणं. मथळा दिला होता ‘उष्माघातापासून सावध राहा’. तेच पत्रक एका घरात जसंच्या तसं घडलं, आणि मी त्याला हृदयविकार म्हणून छापलं.

आता यात खोटं कोण बोललं? कोणीच नाही. हृदय बंद पडलंच होतं. ते सगळ्यांचंच शेवटी बंद पडतं. डॉक्टरांनी रात्रभर रुग्ण पाहिलेला नव्हता, त्यांनी लिहिता येईल ते लिहिलं. घरच्यांना माणूस गेल्यावर कारणाशी काय देणंघेणं. मी मेसेजमध्ये आलं ते छापलं. आणि तिकडे जिल्ह्याच्या तक्त्यात त्या दिवशी उष्माघाताचा मृत्यू शून्य.

डॉक्टर मित्रांशी यावर नंतर बरंच बोललो. त्यातून मला जे कळलं ते जमेल तसं सांगतो. आपलं शरीर ३७ अंशांच्या आसपास राहायला धडपडतं. बाहेर तापलं की हृदय जास्त रक्त कातडीकडे ढकलतं, म्हणजे उष्णता बाहेर जाईल, आणि घाम येतो, तो वाळताना अंग थंड करतो. हे काम फुकट होत नाही. हृदयाला तासन् तास जोरात पळावं लागतं. घामातून पाणी आणि मीठ जातं, रक्त घट्ट होतं, किडनीला रक्त कमी पडतं. धडधाकट माणूस हे सहन करतो. ज्याचं हृदय आधीच कमजोर आहे, ज्याला शुगर आहे, ज्याची किडनी अर्धीच चालते, तो इथेच कोलमडतो. त्याला उष्माघात होतच नाही. त्याला हार्ट अटॅक येतो, पक्षाघात होतो, किडनी फेल होते. कागदावर तेच लागतं आणि ते बरोबरही असतं. फक्त त्या दिवशी पारा ३८ वर असता तर तो माणूस कदाचित दिवाळी पाहता.

बीपीच्या काही गोळ्या लघवीवाटे पाणी काढून टाकतात. ऐन उन्हाळ्यात त्या आणि घाम असं दोन्हीकडून पाणी जातं. म्हणून काही लगेच गोळी बंद करू नका हं, तेही जिवावर बेतेल. पण मार्च संपताना डॉक्टरांना एकदा विचारून घ्या, डोस तोच ठेवायचा का. आपल्या खारपाणपट्ट्यात किडनीच्या तक्रारी काही नवीन नाहीत, तिथे तर हे विचारलंच पाहिजे.

आणि खरा उष्माघात, म्हणजे शरीराचं आतलं तापमान ४० च्या वर जाणं आणि मेंदूवर परिणाम होणं, त्यात तापाच्या गोळीचा काहीही उपयोग नाही. साध्या तापात मेंदूनेच पारा वर नेऊन ठेवलेला असतो, गोळी तो खाली आणते. उष्माघातात मेंदूचं काही चालेनासं झालेलं असतं, गोळीने काय होणार? तिथे एकच उपाय, अंग थंड करणं, आणि तेही त्याच मिनिटाला. कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, ओली चादर गुंडाळा, पंखा किंवा कूलर समोर लावा, काखेत, मानेला, जांघेत बर्फ ठेवा, आणि हे करता करता १०८ ला फोन. शुद्धीत नसेल तर तोंडात पाणी ओतू नका, ठसका लागून श्वास अडकतो. खिशात कांदा ठेवायची आपली जुनी पद्धत आहे, माझी आई अजूनही ठेवायला लावते. ठेवा, काही बिघडत नाही. पण कांद्याच्या भरवशावर दुपारी १ वाजता वखरणीला जाऊ नका.

रात्रीचंही बोलायला पाहिजे. आपण दुपारचाच आकडा बघतो. शरीराला दिवसभराची मार भरून काढायला रात्रीचा गारवा लागतो. टिनाची खोली दिवसभर तापते आणि रात्रभर ती उष्णता आत सोडते. कूलर आहे तर पाणी नाही, पाणी आहे तर लाईट नाही. सलग तीन-चार रात्री अशा गेल्या की माणूस चौथ्या दिवशी कामावर जातो तेव्हाच अर्धा संपलेला असतो.

कूलरवरून आठवलं. आपल्या विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरमध्ये पाणी भरताना शॉक लागून माणसं मरतात. बायका आणि पोरं जास्त, कारण पाणी तेच भरतात. महावितरण दरवर्षी आवाहन करतं की आधी प्लग काढा, मग पाणी भरा. हे मृत्यू पोलिसांत ‘अकस्मात मृत्यू’ म्हणून लागतात. ऊन नसतं तर कूलर नसता. मी यांना उन्हाच्या खात्यात धरतो, सरकार धरत नाही.

बरं, हे सगळं माझ्या मनाचे खेळ आहेत का? मला पण शंका आली. घरी येऊन मे महिन्यात पाठवलेल्या निधनवार्तांची फाईल उघडली. एरवी आठवड्याला दोन-तीन असतात. मेच्या शेवटच्या आठवड्यात त्यांना जागा पुरत नव्हती, एक-दोन तर मी शिळ्या करून पाठवल्या होत्या. जवळजवळ सगळ्या ‘अल्पशा आजाराने’ किंवा ‘हृदयविकाराने’. आता हा काही पुरावा नाही, हे मलाही कळतं. निधनवार्ता ओळखीच्यांच्याच येतात, गरिबांच्या तर येतच नाहीत. पण मनात किडा वळवळायला लागला तो तिथून.

आणि मग अहमदाबादचं वाचलं.

२०१० च्या मे महिन्यात अहमदाबादमध्ये अशीच लाट आली होती. २१ मे रोजी पारा ४६.८. तेव्हा कोणी फार मनावर घेतलं नाही, उन्हाळ्यात ऊन असणारच. नंतर संशोधकांनी एक साधं काम केलं. त्यांनी कोणाच्या मृत्यूचं कारण काय लिहिलंय ते बाजूला ठेवलं. महापालिकेच्या जन्म-मृत्यू नोंदणीतून रोज एकूण किती माणसं गेली एवढंच काढलं, आणि मागच्या-पुढच्या वर्षांच्या मे महिन्याशी ताडून पाहिलं. त्या एका महिन्यात नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू जास्त निघाले. एरवी दिवसाला शंभरच्या आसपास माणसं जाणाऱ्या शहरात २१ मेच्या एका दिवसात ३१० गेली होती. एवढी मयतं एका शहरात झाली आणि शहराला त्याचा पत्ता नव्हता, कारण प्रत्येक घराला आपलं एकच माहीत होतं.

हा आकडा हातात आल्यावर महापालिका हलली. २०१३ मध्ये अहमदाबादने उष्णतेचा कृती आराखडा केला, दक्षिण आशियातला पहिला. इशारा आदल्या दिवशी, दवाखान्यांत बर्फाची तयारी, पाणपोया, बागा दुपारी उघड्या, झोपडपट्टीत छतांना चुना. यात रॉकेट सायन्स काही नाही. पुढे झालेल्या अभ्यासात अंदाज निघाला की आराखड्यानंतरच्या दोन वर्षांत वर्षाला सरासरी १,१९० मृत्यू टळले. ओडिशाचंही तसंच. १९९८ मध्ये तिथे उन्हाने २,०४२ माणसं गेल्याची सरकारी नोंद आहे. त्यानंतर त्यांनी हे वादळासारखंच गंभीर धरलं, शाळांच्या, कामाच्या वेळा बदलल्या.

फ्रान्ससारख्या श्रीमंत देशात २००३ च्या ऑगस्टमध्ये सुमारे १५,००० माणसं गेली, बहुतेक म्हातारी, एकटी राहणारी. सरकारच्या आधी ते अंत्यसंस्कार करणाऱ्यांच्या आणि इमर्जन्सीतल्या डॉक्टरांच्या लक्षात आलं. मला यात काही आश्चर्य वाटत नाही. आपल्या गावात कोणत्या आठवड्यात किती गेले हे नगरपरिषदेच्या आधी मोक्षधामाजवळच्या लाकडाच्या वखारीवाल्याला कळतं. त्याला विचारायला कोणी जात नाही, एवढंच.

आपण भांडतो कशावर? तर थर्मामीटरवर. ३० मेला नागपुरात एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवलं आणि दोन दिवस सगळे वॉट्सअप ग्रुप पेटले. नंतर हवामान खात्याने सेन्सर बिघडल्याचं सांगितलं, मग त्यावर विनोद सुरू झाले. बिघडलेल्या सेन्सरची चौकशी झाली, चांगलं झालं. त्याच दोन दिवसांत माणसं किती गेली, याची अशी चौकशी कोणी मागितल्याचं माझ्या पाहण्यात नाही.

आणि नुसत्या पाऱ्यावर जाऊ नका. १६ एप्रिल २०२३ ला खारघरला महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्यात १४ माणसं उष्माघाताने गेली. तिथे पारा किती होता? जवळच्या केंद्रावर ३८ च्या घरात. आम्ही अकोल्याची माणसं ३८ ला गारवा म्हणतो. पण तिथे समुद्राची दमट हवा, घाम येतो पण वाळत नाही, डोक्यावर मांडव नाही, आणि लोक सकाळपासून बसलेले. हवामान खात्याच्या हिशेबात मैदानी भागात ४० आणि किनाऱ्यावर ३७ च्या पुढे लाटेचा विचार सुरू होतो, तो याचसाठी. आपलं पोरगं पुण्या-मुंबईला कामाला असेल तर ‘तिकडे काय ऊन असतं?’ असं त्याला म्हणू नका.

सौदी सरकारने २०२४ च्या हजचा आकडा जाहीर केला. १,३०१ यात्रेकरू गेले. त्यातले ८३ टक्के परवान्याशिवाय आलेले होते. परवानावाल्यांना एसी तंबू आणि बस, बाकीचे उन्हात मैलोन् मैल चालत. ऊन सगळ्यांवर एकच होतं. आपल्याकडे तरी वेगळं काय आहे? उत्तर प्रदेशात १ जूनच्या शेवटच्या टप्प्यात ३३ मतदान कर्मचारी गेले, असं तिथल्या निवडणूक अधिकाऱ्यांनीच सांगितलं. ड्युटी होती, नाही म्हणता येत नव्हतं. हमालाला पण नाही म्हणता येत नाही. कट्ट्यामागे पैसे मिळतात, दुपारी सावलीत बसला तर त्याचा हिशेब कोण देणार?

मागे यावर दोन ओळी टाकल्या तेव्हा एका वाचकाने लिहिलं होतं की थंडीने जास्त माणसं मरतात, तुम्ही लोक उन्हाचा बाऊ करता. त्यांचं म्हणणं चुकीचं नाही. २०२१ मध्ये लॅन्सेटच्या एका नियतकालिकात जगभराचा अभ्यास आला होता. नको तितक्या थंडी-उन्हाशी जोडलेले मृत्यू वर्षाला सुमारे ५० लाख, आणि त्यातले बहुतेक थंडीचे. मात्र त्याच अभ्यासात असंही आहे की थंडीचे कमी होत चाललेत आणि उन्हाचे वाढत चाललेत. शिवाय थंडी आठवडेच्या आठवडे हळूहळू माणसं नेते, दम्याने, न्यूमोनियाने, हृदयाने. उन्हाची लाट तीन-चार दिवसांत काम उरकते. तीन-चार दिवसांची गोष्ट असेल तर तेवढे दिवस बंदोबस्त करता येतो. हवामान खातं त्या लाटेचा अंदाज आधी देतं, मग अडचण काय आहे?

अडचण पैशाची आणि कागदाची आहे. केंद्राच्या आपत्तींच्या यादीत चक्रीवादळ आहे, पूर आहे, भूकंप आहे, दुष्काळ, गारपीट, टोळधाड, इतकंच काय थंडीची लाटही आहे. २०२४ मध्ये उष्णतेची लाट त्यात नव्हती. यादीत नाव असेल तर मृताच्या घरच्यांना ४ लाखांची मदत मिळायचा रस्ता असतो. राज्यांना आपत्ती निधीतला १० टक्क्यांपर्यंत भाग आपल्याकडच्या आपत्तींसाठी वापरता येतो, केरळ आणि ओडिशाने त्यात उन्हाला धरलंय. आपल्याकडे वीज पडून शेतमजूर गेला तर तलाठी येतो, पंचनामा होतो, तहसीलमधून प्रस्ताव जातो, आमदार घरी येऊन चेक देतात आणि मी फोटो काढतो. वीज दिसते, आवाज येतो, झाड फाटतं. ऊन झोपेत नेतं.

आणि नोंद कशी व्हावी? उष्माघात झाला हे शवविच्छेदनातही सहज सापडत नाही, त्याची अशी एक पक्की खूण नसते. माणूस कुठे होता, काय काम करत होता, अंग किती गरम होतं, बडबडत होता का, हे घरच्यांना विचारूनच ठरवावं लागतं. विचारणार कोण? देशात २०२० मध्ये नोंद झालेल्या मृत्यूंपैकी जेमतेम २२.५ टक्के मृत्यूंना डॉक्टरने कारणाचा रीतसर दाखला दिलेला होता. बाकीचे कशाने गेले ते घरच्यांनी सांगितलं तसं, किंवा कोणीच नाही. यात आमच्या गल्लीतल्या डॉक्टरांना दोष देण्यात अर्थ नाही. पहाटे ५ वाजता रडारड चालू असताना ‘बगलेत थर्मामीटर लावू द्या’ म्हणायची हिंमत माझ्यात पण झाली नसती.

म्हणून माझं म्हणणं आहे की कारणाच्या वादात पडूच नका. अहमदाबादने केलं तसं नुसती डोकी मोजा. रोज किती गेले, त्या दिवशी पारा किती होता, आदल्या रात्री किती होता. हे करायला ना नवीन मशीन लागतं, ना तज्ज्ञ समिती. नगरपरिषदेत एक रजिस्टर आहे, ग्रामपंचायतीत ग्रामसेवकाकडे एक आहे. मृत्यूची नोंद २१ दिवसांत करायची असतेच, म्हणजे मेचं सगळं एव्हाना भरलेलं असणार.

एक गुंता आहे, तो लक्षात ठेवला पाहिजे. मृत्यू जिथे होतो तिथे त्याची नोंद होते. आपल्या तालुक्यातले सिरीयस रुग्ण अकोल्याला सर्वोपचारमध्ये जातात, तिथे दगावले तर नोंद अकोला महापालिकेत. म्हणजे नुसतं आपलं रजिस्टर पाहून भागणार नाही, अकोल्याचंही पाहावं लागेल, राहण्याच्या पत्त्यासकट.

अर्ज लिहून ठेवलाय. दोन आहेत, एक आमच्या नगरपरिषदेला, एक अकोला महापालिकेला. माहिती अधिकारात मागितलंय ते एवढंच: गेल्या पाच वर्षांत १ मार्च ते १५ जून, रोज किती मृत्यू झाले, वयोगट आणि स्त्री-पुरुष. नावं नकोत. तारीख मृत्यूची हवी, नोंद केल्याची नको, नाहीतर सगळा हिशेब सोमवारी जास्त आणि रविवारी शून्य असा येईल. दहा-दहा रुपयांची कोर्ट फी तिकिटं चिकटवलीत. सोमवारी देतोय. तीस दिवसांत उत्तर यायला पाहिजे. नाही आलं तर अपील करायचं, ती सवय आहे आपल्याला. आकडे आले की इथेच टाकतो. काहीच फरक निघाला नाही तर तेही टाकतो आणि ही पोस्ट चुकली म्हणून सांगतो.

तोवर एक काम तुमच्याकडे. मे महिन्यात तुमच्या घरात, गल्लीत, नात्यात कोणी गेलं असेल आणि वर लिहिलेलं वाचून तुम्हाला त्या रात्रीचं काही आठवलं असेल, तर मला इनबॉक्समध्ये लिहा. कॉमेंटमध्ये नावं टाकू नका. तारीख, वय, त्या दिवशी माणूस कुठे होता, घर टिनाचं की स्लॅबचं, लाईट होती का, कोणत्या गोळ्या चालू होत्या. यातून आकडेवारी होणार नाही, मला माहीत आहे. पण अर्जाचं उत्तर घेऊन मुख्याधिकाऱ्यांपुढे बसायचं तेव्हा नुसता तक्ता घेऊन जायचं नाही, असं ठरवलंय.

हमाल काकांच्या घरी जाऊन परवा ही पोस्ट वाचून दाखवली. काकूंनी शेवटपर्यंत ऐकलं. म्हणाल्या, “भाऊ, थंड पाणी ओतलं असतं तं वाचले असते का मंग?” मी म्हटलं, काकू, ते मला सांगता येणार नाही. त्या म्हणाल्या, “टाक मंग. नाव नको टाकू, पन टाक.”